डायल-अप मोडेमची जोडणी: कामाचा क्रम, नेमके शब्द आणि हमखास होणाऱ्या चुका

डेटा कम्युनिकेशनच्या प्रात्यक्षिकात दोन मोडेम एकमेकांशी जोडायचे असोत किंवा जुन्या टेलिमेट्री यंत्रणेतला, म्हणजे दूरच्या जागेवरची मोजमापे पाठवणाऱ्या यंत्रणेतला, मोडेम बदलून ती पुन्हा चालू करायची असो, काम बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसते. सगळ्या वायरी एकदम जोडल्या जातात, लगेच नंबर फिरवला जातो, पडद्यावर ‘नो कॅरियर’ (पलीकडच्या मोडेमचा कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा ध्वनिसंकेत, मिळाला नाही) असा संदेश येतो आणि मग वेग, पॅरिटी, केबल आणि आज्ञा हे सगळे एकाच वेळी बदलायला सुरुवात होते. अर्ध्या तासाने जोडणी लागली तरी नेमके काय चुकले होते ते कोणालाच सांगता येत नाही, आणि लागली नाही तर आता कोणती गोष्ट मूळ स्थितीत आहे हेही समजत नाही.

हे टाळण्याचा उपाय म्हणजे जवळच्या टोकापासून सुरुवात करून एकेक तुकडा चालू करणे, त्याची तपासणी करणे आणि ती पार पडल्याशिवाय पुढे न जाणे. शब्दांचे अर्थही त्याच क्रमाने समजून घ्यावेत, कारण मोडेमच्या परिभाषेतला जवळजवळ प्रत्येक गोंधळ एका तुकड्याचा शब्द दुसऱ्या तुकड्याला लावल्यामुळे होतो.

आज्ञांविषयी एक सूचना आधीच देतो. मोडेमच्या आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन मोठ्या अक्षरांत व रोमन आकड्यांत द्याव्यात आणि प्रत्येक आज्ञेनंतर एंटर दाबावे. जेथे एंटर दाबायचे नाही, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

१. आधी मार्गाचे तीन तुकडे कागदावर काढा

एका संगणकावर टंकलेले अक्षर दुसऱ्या संगणकावर पोहोचेपर्यंत तीन तुकडे पार करते. पहिला तुकडा म्हणजे संगणक आणि त्याच्या शेजारचा मोडेम यांना जोडणारी सिरीयल केबल. दुसरा म्हणजे मोडेमपासून मोडेमपर्यंतची टेलिफोन लाईन. तिसरा म्हणजे पलीकडचा मोडेम आणि पलीकडचा संगणक यांच्यामधली केबल.

पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात शून्य आणि एक हे थेट विद्युतदाबाच्या रूपात जातात. आरएस-२३२ या मानकानुसार ऋण दाब म्हणजे एक आणि धन दाब म्हणजे शून्य. टेलिफोनची लाईन मात्र माणसाच्या आवाजासाठी बांधलेली असल्यामुळे तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारता नीट जातात. म्हणून मोडेम बिटांचे रूपांतर या पट्ट्यात बसणाऱ्या ध्वनिसंकेतात करतो, ते मोड्युलेशन. आणि पलीकडचा मोडेम त्या ध्वनीतून बिट परत काढतो, ते डीमोड्युलेशन. संगणकाला या परिभाषेत डीटीई म्हणतात, म्हणजे डेटा जिथे निर्माण होतो किंवा संपतो ते उपकरण. आणि मोडेमला डीसीई म्हणतात, म्हणजे डेटा लाईनवर चढवणारे उपकरण.

कागदावर हे तीन तुकडे काढून प्रत्येकाखाली मोकळी जागा ठेवावी. स्टार्ट बिट, स्टॉप बिट, पॅरिटी, आरटीएस आणि सीटीएस हे शब्द केबलच्या तुकड्याखाली लिहायचे आहेत. कॅरियर, बॉड आणि हँडशेक हे लाईनच्या तुकड्याखाली. वेग मात्र तिन्ही ठिकाणी लिहायचा आहे, आणि ते तीन आकडे वेगवेगळे असू शकतात. हा कागद शेवटपर्यंत समोर ठेवावा.

२. सामान जमवा आणि प्रत्येक वस्तू वेगळी तपासा

शिकण्यासाठी आणि दोष शोधण्यासाठी सिरीयल पोर्ट असलेला बाहेरचा मोडेमच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याच्यावरचे दिवे डेटा जातो आहे की येतो आहे, कॅरियर मिळाला की नाही, हे डोळ्यांना दाखवतात. संगणकाच्या आत बसणाऱ्या अनेक स्वस्त मोडेमांत बरेचसे काम विंडोजमधला ड्रायव्हर करत असे. असा मोडेम ड्रायव्हरशिवाय निरुपयोगी असतो आणि बिघाड मोडेमचा की ड्रायव्हरचा हे ठरवता येत नाही.

दोन मोडेम, दोन संगणक आणि दोन टेलिफोन जोडण्या लागतील. बाहेरच्या दोन लँडलाईन मिळवण्याची गरज नाही. कार्यालयात किंवा महाविद्यालयात ईपीएबीएक्स, म्हणजे आतले टेलिफोन एकमेकांना जोडणारे छोटे एक्स्चेंज असेल, तर तिची दोन साधी ॲनालॉग एक्स्टेंशने पुरतात. कॉलचा खर्च येत नाही आणि लाईनही स्वच्छ मिळते.

सावधान: ईपीएबीएक्सच्या काही एक्स्टेंशनांवर पडदा आणि बरीच बटणे असलेला खास डिजिटल फोन बसवलेला असतो. त्या जागी मोडेम कधीही लावू नये. ती लाईन ॲनालॉग नसते, त्यामुळे मोडेम चालणार तर नाहीच, उलट तो जळूही शकतो.

केबलच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक म्हणजे नल-मोडेम केबल लावणे. ती दोन संगणक एकमेकांना थेट जोडण्यासाठी असते आणि तिच्यात पाठवण्याची व घेण्याची तार उलटसुलट केलेली असते. संगणक आणि मोडेम यांच्यामध्ये सरळ केबलच लागते. संगणकाच्या ९ पिनांच्या जोडणीत २ क्रमांकावर घेण्याची आणि ३ क्रमांकावर पाठवण्याची तार असते. मोडेमच्या २५ पिनांच्या जोडणीत हे क्रमांक उलट असतात. त्यामुळे ९ ते २५ पिनांच्या केबलमध्ये क्रमांक बदललेले दिसले तरी ती सरळ केबलच असते. दुसरी चूक म्हणजे मायक्रोकंट्रोलरसाठी मिळणारा ३.३ किंवा ५ व्होल्टचा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर वापरणे. तो आरएस-२३२ चा दाब देत नाही आणि सहनही करत नाही. ९ पिनांची जोडणी असलेला आणि आरएस-२३२ असे स्पष्ट लिहिलेला कन्व्हर्टरच घ्यावा.

मोडेमचा स्वतःचा अडॅप्टर वापरावा. काही मोडेमांना डीसी नव्हे, तर एसी पुरवठा लागतो. पिन बसली म्हणून दुसरा अडॅप्टर लावणे धोक्याचे आहे.

तपासणी: मोडेम जोडण्याआधी दोन्ही एक्स्टेंशनांवर साधे फोन लावून एकावरून दुसऱ्यावर कॉल करावा. डायल टोन येतो का, घंटी वाजते का, आवाजात खरखर आहे का, हे ऐकावे. ज्या लाईनवर माणसाला खरखर ऐकू येते, त्या लाईनवर मोडेमकडून चांगल्या वेगाची अपेक्षा करू नये.

३. फक्त संगणक आणि मोडेम जोडा. टेलिफोनची तार अजून लावू नका

पहिला तुकडा एकटाच चालवायचा आहे. मोडेम बंद ठेवून सिरीयल केबल लावावी, मग मोडेम चालू करावा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा क्रमांक पाहावा. लिनक्सवर पोर्ट दिसत असूनही उघडत नसेल, तर डेबियन आणि उबंटूमध्ये वापरकर्त्याचे नाव ‘डायलआउट’ या गटात आहे का ते पाहावे. टर्मिनल प्रोग्रॅम (टंकलेले पोर्टवर पाठवणारा आणि तिथून आलेले पडद्यावर दाखवणारा) म्हणून विंडोजवर टेरा टर्म आणि लिनक्सवर मिनिकॉम सोयीचे पडतात. पुटीनेही आज्ञा देता येतात, पण त्यात फाईल पाठवण्याची सोय नाही. शिवाय सिरीयल जोडणीसाठी त्यात मुळातच एक्सऑन-एक्सऑफ हा फ्लो कंट्रोल (त्याचा अर्थ पाचव्या टप्प्यात दिला आहे) निवडलेला असतो, तो बदलावा लागतो.

सुरुवातीला वेग सेकंदाला ९६०० बिट, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल नाही, अशी मांडणी ठेवावी. सिरीयल केबलमधली ही देवाणघेवाण असिंक्रोनस असते, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच घड्याळ नसते. प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट येतो, मग ८ डेटा बिट आणि शेवटी एक स्टॉप बिट. म्हणजे एका अक्षरामागे एकूण १० बिट जातात आणि ९६०० या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. पॅरिटी म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट. जुन्या यंत्रणांत ७ डेटा बिट आणि सम पॅरिटी अशी मांडणी आढळते. तिचेही एका अक्षरामागे १० बिटच होतात, त्यामुळे वेग जुळतो आणि अक्षरे मात्र चुकीची दिसतात. हे लक्षात ठेवावे.

आता ‘एटी’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ‘ओके’ असे यावे. या दोन अक्षरांवरूनच मोडेम संगणकाचा वेग आणि पॅरिटी ओळखतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक आज्ञेची सुरुवात त्यांनीच होते. दोन्ही अक्षरे मोठी किंवा दोन्ही लहान असावीत. एक मोठे आणि एक लहान दिल्यास बरेच मोडेम ती आज्ञा ओळखत नाहीत.

उत्तर आले नाही, तर पुढील क्रमाने पाहावे. टंकताना मोडेमचा डेटा पाठवल्याचा दिवा लुकलुकत नसेल, तर पोर्ट किंवा केबल चुकीची आहे. दिवा लुकलुकतो पण पडद्यावर काहीच येत नाही, तर मोडेमने प्रतिध्वनी (टंकलेले अक्षर परत पाठवून पडद्यावर दाखवणे) आणि उत्तर दोन्ही बंद ठेवलेली असू शकतात. ‘एटीई१क्यू०व्ही१’ ही आज्ञा न दिसताच टंकून पाहावी. पडद्यावर अर्थहीन चिन्हे येत असतील, तर वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल, तर मोडेम प्रतिध्वनी देतो आहे आणि टर्मिनल प्रोग्रॅमही स्वतःहून अक्षर दाखवतो आहे. प्रोग्रॅममधला लोकल एको बंद करावा.

काही जुन्या प्रोग्रॅमांत या लोकल एकोलाच ‘हाफ ड्युप्लेक्स’ असे नाव दिलेले आहे. खरा हाफ ड्युप्लेक्स हा लाईनच्या तुकड्याचा गुणधर्म आहे. दोन्ही बाजूंना बोलता येते, पण एका वेळी एकालाच, असा त्याचा अर्थ होतो. दोघे एकाच वेळी पाठवू शकतात तो फुल ड्युप्लेक्स, आणि एकाच दिशेने जाणारा सिंप्लेक्स. प्रोग्रॅममधला तो पर्याय बदलल्याने लाईनवर काहीही बदलत नाही.

४. मोडेम ज्ञात स्थितीत आणा

आधी कोणी काय बदलून ठेवले आहे याचा अंदाज करत बसण्यापेक्षा ‘एटी&एफ’ देऊन कारखान्यातून आलेली मांडणी परत आणावी. येथे ‘एटीझेड’ देण्याची चूक फार वेळा होते. ‘एटीझेड’ मोडेमच्या स्मृतीत साठवलेली मांडणी आणतो, आणि तीच चुकीची साठवलेली असेल तर चूक पुन्हा हजर होते. ‘एटीझेड’च्या ओळीत पुढे आणखी आज्ञा जोडल्या, तर बरेच मोडेम त्या सोडून देतात, म्हणून ती एकटी द्यावी आणि ‘ओके’ येईपर्यंत थांबावे. मोडेमच्या मागे किंवा तळाला लहान स्विच असतील, तर तेही पाहून घ्यावेत, कारण चालू होतानाची काही मांडणी त्यांच्यावरून ठरते.

यानंतर एकेक आज्ञा वेगळी द्यावी. ‘एटी&सी१’ दिल्यावर डीसीडी ही तार कॅरियर असेल तेव्हाच चालू राहते. ‘एटी&डी२’ दिल्यावर संगणकाने डीटीआर ही (आपण तयार असल्याचे मोडेमला सांगणारी) तार सोडली की मोडेम फोन ठेवतो. ‘एटीएम१एल१’ दिल्यावर जोडणी होईपर्यंत स्पीकर हळू आवाजात चालू राहतो. स्पीकर बंद करून दोष शोधता येत नाही.

‘एटीएक्स३’ ही आज्ञा भारतातल्या वापरासाठी विशेष महत्त्वाची आहे. अनेक मोडेम ‘एक्स४’ या मांडणीत येतात, म्हणजे डायल टोन ओळखल्याशिवाय नंबर फिरवत नाहीत. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा असतो, तर आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने कंप पावणारा असतो. ईपीएबीएक्सचा आतला टोन तर आणखी निराळा असू शकतो. परदेशी मांडणीच्या मोडेमला तो ओळखता आला नाही की फोनवर टोन स्पष्ट ऐकू येत असतानाही ‘नो डायलटोन’ असा संदेश येतो. ‘एक्स३’ दिल्यावर मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो आणि एंगेज टोन मात्र ओळखायचा प्रयत्न करतो.

तपासणी: ‘एटी&व्ही’ दिल्यावर बहुतेक मोडेम सध्याची सगळी मांडणी दाखवतात. ती वाचून मगच ‘एटी&डब्ल्यू’ देऊन साठवावी. दुसऱ्या मोडेमवरही तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचे सगळे काम पूर्ण करावे.

५. फ्लो कंट्रोल ठरवा

हा टप्पा वगळला तरी जोडणी लागते, टंकलेली अक्षरे पोहोचतात, सगळे ठीक वाटते. आणि मोठी फाईल पाठवल्यावर मधलेच तुकडे गायब होतात. म्हणूनच येथे घाई करू नये.

संगणक ते मोडेम हा वेग लाईनच्या वेगापेक्षा जास्त ठेवणे योग्य असते, कारण मोडेम डेटा दाबून लहान करत असेल तर त्याला तेवढा भरपूर पुरवठा व्हावा लागतो. समजा, संगणक ११५२०० या वेगाने देतो आहे आणि लाईनवर २८८०० ने जाते आहे. मोडेममधली तात्पुरती साठवण म्हणजे मोठ्या नळाने भरणारी आणि बारीक तोटीने रिकामी होणारी टाकी. ती भरत आली की संगणकाला ‘थांब’ असे सांगणारी सोय म्हणजे फ्लो कंट्रोल. ती नसेल तर वरून वाहून गेलेली अक्षरे परत मिळत नाहीत. लाईनवरची चूक-दुरुस्ती येथे उपयोगी पडत नाही, कारण ही अक्षरे लाईनपर्यंत पोहोचलेलीच नसतात.

फ्लो कंट्रोल दोन प्रकारचा असतो. हार्डवेअर प्रकारात आरटीएस आणि सीटीएस या दोन वेगळ्या तारा वापरल्या जातात. सॉफ्टवेअर प्रकारात डेटाच्याच प्रवाहात एक्सऑफ आणि एक्सऑन ही चिन्हे पाठवली जातात. त्यांचे संकेतांक अनुक्रमे १९ आणि १७ आहेत. चित्र, संकुचित फाईल किंवा प्रोग्रॅम यांच्यात हेच आकडे डेटा म्हणून येऊ शकतात आणि तेव्हा जोडणी मध्येच गोठते. म्हणून शक्य तेथे हार्डवेअर प्रकारच वापरावा आणि दोन्ही एकदम कधीही लावू नयेत.

त्यासाठीची आज्ञा निर्मात्याप्रमाणे बदलते. रॉकवेल चिप असलेल्या अनेक मोडेमांत ती ‘एटी&के३’ आहे, यूएस रोबोटिक्सच्या मोडेमांत ‘एटी&एच१’. हातातल्या मोडेमच्या पुस्तिकेत पाहून नेमकी आज्ञा द्यावी आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्येही तोच पर्याय निवडावा. आता संगणकाचा वेग वाढवून पुन्हा ‘एटी’ द्यावे, ‘ओके’ आले की साठवावे.

सावधान: फ्लो कंट्रोल हार्डवेअरचा निवडल्यावर एकही अक्षर जाईनासे झाले, तर केबलमध्ये फक्त तीन तारा असण्याची शक्यता मोठी आहे. संगणक सीटीएसच्या परवानगीची वाट पाहत राहतो आणि ती तार मुळात जोडलेलीच नसते. सगळ्या तारा असलेली केबल आणावी.

६. कॉल करण्याआधी वेगाचे आकडे समजून घ्या

बॉड म्हणजे लाईनवरचा संकेत एका सेकंदात किती वेळा बदलतो तो आकडा. बिटांचा वेग म्हणजे एका सेकंदात किती बिट जातात तो. एका बदलात एकच बिट जात असेल तेव्हाच हे दोन आकडे समान असतात. व्ही.२१ या मानकात ३०० बॉड आणि ३०० बिट, म्हणून तेथे समान. व्ही.२२बिस मध्ये ६०० बॉड, पण प्रत्येक बदलात ४ बिट, म्हणून २४०० बिट. व्ही.३२बिस मध्ये २४०० बॉड आणि प्रत्येक बदलात ६ बिट, म्हणून १४४०० बिट. म्हणजे ‘१४४०० बॉडचा मोडेम’ असे म्हणणे चूक आहे. टेलिफोनच्या त्या अरुंद पट्ट्यात सेकंदाला १४४०० बदल बसतच नाहीत, आणि म्हणूनच एका बदलात जास्त बिट कोंबावे लागले.

बिट आणि बाइट यांचाही हिशेब आधीच करून ठेवावा. १०० किलोबाइटची, म्हणजे १०२४०० बाइटची फाईल १४४०० च्या जोडणीवरून पाठवायची असेल आणि चूक-दुरुस्ती नसेल, तर प्रत्येक अक्षरामागे १० बिट धरून सेकंदाला १४४० अक्षरे होतात आणि सुमारे ७१ सेकंद लागतात. व्ही.४२ ही चूक-दुरुस्ती चालू असेल, तर मोडेम लाईनवर स्टार्ट आणि स्टॉप बिट पाठवतच नाहीत, अक्षरामागे ८ बिटच जातात आणि व्ही.४२ ची स्वतःची जादा माहिती धरूनही वेळ कमी होतो. व्ही.४२बिस हे त्यापुढचे डेटा दाबण्याचे मानक आहे. मजकुराच्या फाईलला त्याचा मोठा फायदा होतो, आधीच संकुचित केलेल्या फाईलला जवळजवळ होत नाही. या दोन नावांतली गल्लत टाळावी: पहिले चुका दुरुस्त करते, दुसरे आकार कमी करते.

राहिला ५६ हजारांचा प्रश्न. दोन्ही मोडेमांवर ५६के असे छापलेले असूनही ईपीएबीएक्सवरून ३३६०० च्या वर जोडणी मिळत नाही, तेव्हा मोडेम खराब आहेत असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. व्ही.९० मध्ये ५६ हजारांपर्यंतचा वेग फक्त एका दिशेने मिळतो, आणि तोही पलीकडचे टोक टेलिफोनच्या जाळ्याला थेट डिजिटल पद्धतीने जोडलेले असेल तरच. इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडे तशी व्यवस्था असे. दोन ॲनालॉग मोडेम एकमेकांना जोडले की व्ही.३४ ची ३३६०० हीच कमाल मर्यादा असते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी वेग मिळाला तरी ते स्वाभाविक आहे.

७. पहिला कॉल मुद्दाम कमी वेगाने करा

आता टेलिफोनची तार लावावी. मोडेमला दोन सारख्या खाचा असतात. भिंतीकडून येणारी तार ‘लाईन’ लिहिलेल्या खाचेत जाते. ‘फोन’ लिहिलेली खाच साध्या फोनसाठी असते.

पहिला कॉल व्ही.२२बिसच्या २४०० या वेगावर बांधून करावा. त्यासाठी अनेक मोडेमांत ‘एटी+एमएस’ने सुरू होणारी आज्ञा असते, तिचे पूर्ण रूप पुस्तिकेत पाहावे. कमी वेगाची जोडणी लागली आणि जास्त वेगाची लागली नाही, तर दोष लाईनच्या दर्जात आहे. कमी वेगाचीही लागली नाही, तर मांडणीत आहे. एवढे एका कॉलमध्ये कळते.

कॉल घेणारी बाजू आधी तयार करावी: ‘एटीएस०=१’ दिल्यावर मोडेम पहिल्या घंटीला स्वतः उचलतो. मग कॉल करणाऱ्या बाजूने ‘एटीडीटी’ आणि त्यालाच जोडून एक्स्टेंशनचा नंबर द्यावा. यातला शेवटचा टी म्हणजे टोन डायलिंग. ईपीएबीएक्समधून बाहेर कॉल करायचा असेल, तर बाहेरच्या लाईनचा आकडा, मग स्वल्पविराम, मग नंबर असे लिहावे. प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम सामान्यतः दोन सेकंद थांबतो.

स्पीकरकडे लक्ष ठेवावे. नंबर फिरवण्याचे स्वर, मग घंटी, मग पलीकडून २१०० हर्ट्झचा उत्तराचा सलग स्वर, आणि त्यानंतर दोघांची खरखर असा क्रम असतो. या खरखरीला हँडशेक म्हणतात. तिच्यात दोन्ही मोडेम मानक आणि वेग ठरवतात. या वेळी फोन उचलून ऐकण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्यानेही जोडणी बिघडते. सगळे जुळले की ‘कनेक्ट’ हा संदेश येतो आणि कॅरियरचा दिवा लागतो.

एक बाजू कॉल करणारी आणि दुसरी उत्तर देणारी असणे आवश्यक आहे. व्ही.२१ मध्ये कॉल करणारा ९८० आणि ११८० हर्ट्झवर पाठवतो, उत्तर देणारा १६५० आणि १८५० हर्ट्झवर. म्हणूनच दोघे एकाच वेळी बोलू शकतात. दोन्ही मोडेमांनी स्वतःला कॉल करणारेच मानले, तर जोडणी कधीच होणार नाही.

संदेश वाचताना त्याचा नेमका अर्थ घ्यावा. ‘बिझी’ म्हणजे एंगेज टोन ओळखला गेला. ‘नो अँसर’ म्हणजे पलीकडून उत्तर आले नाही. ‘नो कॅरियर’ म्हणजे ठरलेल्या वेळेत पलीकडचा कॅरियर मिळाला नाही किंवा मिळालेला तुटला. ही वेळ एस७ या रजिस्टरमध्ये, म्हणजे मोडेममधल्या आकडा साठवण्याच्या जागेत, सेकंदांत असते; घंटी उशिरा वाजणाऱ्या यंत्रणेत ती वाढवावी.

सावधान: ‘कनेक्ट ११५२००’ असा संदेश आला, तर तो लाईनचा वेग नव्हे. काही मांडणींत मोडेम तेथे संगणक ते मोडेम हाच वेग छापतो. लाईनचा खरा वेग दाखवण्याची आज्ञा पुस्तिकेत असते. तो पाहूनच कागदावरच्या मधल्या तुकड्याखाली लिहावा.

८. डेटा पाठवा: आधी अक्षरे, मग फाईल

‘कनेक्ट’ आल्यावर मोडेम आज्ञेच्या अवस्थेतून डेटाच्या अवस्थेत जातो. आता जे टंकाल ते सरळ पलीकडे पोहोचते आणि आपल्या मोडेमचा प्रतिध्वनी थांबतो. म्हणून स्वतःची अक्षरे दिसेनाशी झाली तर घाबरू नये. दोन्ही बाजूंनी एकेक ओळ टंकून पाहावी.

अक्षरे नीट जात असतील तर झेडमोडेमने एक लहान फाईल पाठवावी. एक्समोडेम, वायमोडेम आणि झेडमोडेम या नावांवरून हे मोडेमचे प्रकार वाटतात. प्रत्यक्षात ते फाईल पाठवण्याचे नियम आहेत आणि दोन्ही टोकांच्या संगणकांत चालतात. व्ही.४२ फक्त मधल्या तुकड्याची काळजी घेते, हे नियम तिन्ही तुकडे ओलांडून आलेली फाईल तपासतात, म्हणून व्ही.४२ चालू असतानाही ते हवेतच. मूळ एक्समोडेम १२८ बाइटांचे ठोकळे पाठवतो आणि शेवटचा ठोकळा भरून काढतो, त्यामुळे पोहोचलेली फाईल किंचित मोठी दिसू शकते. तो बिघाड नव्हे.

तपासणी: फाईल पाठवताना पुनःपुन्हा चुका दिसत असतील, तर व्ही.४२ लागू झाले आहे का ते पाहावे. ते लागू असूनही चुका येत असतील, तर दोष जवळजवळ निश्चितपणे एखाद्या टोकाच्या केबलच्या तुकड्यात आहे, आणि पाचव्या टप्प्याकडे परत जावे.

९. जोडणी नीट बंद करा

डेटाच्या अवस्थेत ‘एटीएच’ टंकले, तर ती अक्षरे पलीकडच्या पडद्यावर उमटतात आणि फोन ठेवला जात नाही. आधी आज्ञेच्या अवस्थेत परत यावे लागते. त्यासाठी किमान एक सेकंद काहीही न टंकता थांबावे, अधिकाची तीन चिन्हे ‘+++’ लागोपाठ द्यावीत, एंटर दाबू नये आणि पुन्हा एक सेकंद थांबावे. ‘ओके’ आले की ‘एटीएच’ द्यावे. पुन्हा डेटाकडे जायचे असेल तर ‘एटीओ’. येथे चूक होते ती सवयीने एंटर दाबल्यामुळे.

१०. बाहेरच्या लाईनवर जाताना

आतल्या दोन एक्स्टेंशनांवर पूर्ण वेगाने फाईल गेल्यानंतरच बाहेरच्या लाईनला हात लावावा. त्या लाईनवरचे समांतर फोन काढावेत आणि कॉल वेटिंग बंद करून घ्यावे, कारण त्याचा एक बीपसुद्धा जोडणी तोडू शकतो. त्याच लाईनवर ब्रॉडबँड असेल, तर मोडेमच्या आधी स्प्लिटर, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँडचे संकेत वेगळे करणारी डबी, हवा.

फायबरच्या डब्यातून मिळणारा लँडलाईन फोन हे वेगळे प्रकरण आहे. तेथे आवाज पॅकेटांच्या रूपात जातो. तो माणसासाठी संकुचित केला जात असेल, तर मोडेमच्या ध्वनीतले बारकावे नष्ट होतात आणि पॅकेट उशिरा आले तरी कॅरियर तुटतो. आवाज न दाबता नेणारा जी.७११ हा कोडेक (आवाज डिजिटल रूपात बदलण्याची पद्धत) निवडता येत असेल तर तो निवडावा, वेग २४०० किंवा ९६०० वर बांधावा आणि प्रत्येक फाईलची खात्री करावी. तेवढ्यानेही जोडणी टिकत नसेल, तर मोडेमची मांडणी बदलत राहू नये. अशा जागी यंत्रणेलाच नेटवर्कची जोडणी देण्याचा विचार करावा.

सावधान: टेलिफोनच्या तारेत एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असते आणि घंटी वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येते, म्हणून उघड्या तारांना हात लावून काम करू नये. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या, की टेलिफोनची तार आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवावेत. नुसता स्विच बंद करून भागत नाही. तारेतून आलेला झटका मोडेममधून सिरीयल पोर्टपर्यंत पोहोचतो आणि संगणकही निकामी करतो.